जालाची स्वयंदुरुस्ती

खळकाकांना हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच सांगता येत नाही, पण चिकटलं मात्र पक्कं. मैद्याची खळ शिजवायची, पानं शिवायची, पुठ्ठा लावायचा, वर रेक्झिन चढवायचं आणि पाठीवर सोनेरी अक्षरं ठोकायची, पस्तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. इमारतीच्या तळमजल्यावरची रस्त्याकडची खोली म्हणजे दुकान, मागच्या दोन खोल्या म्हणजे संसार. विद्यापीठ हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक प्रबंध लिहून डॉक्टर होऊ घातलेलं. पाच प्रती, गडद निळं कव्हर, आणि "काका, परवा द्या, नाहीतर मेलो." पस्तीस वर्षांत त्यातलं एकही मेलं नाही, आणि काकांचा परवाही कधी चुकला नाही.

काकांची शाळा चौथीत सुटली होती. पण खळ वाळायला वेळ लागतो आणि तोवर समोर प्रबंध उघडाच असतो, तेव्हा नुसतं बसून करायचं काय? काका वाचत. माशांचे रोग वाचले, पुलांच्या खांबांची ताकद वाचली, जुन्या करपद्धतींचा इतिहास वाचला, आणि जेवताना काकूंना ते सगळं ऐकवलं. काकू म्हणत, की माझ्याइतकं फुकटचं शिक्षण या गावात कोणाचं झालं नसेल, पण मीठ संपलंय ते कधी आणताय?

वाचण्यात काका असे तयार, आणि लिहायची वेळ आली की पाचावर धारण. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे हे त्यांना उभ्या जन्मात उमगलं नाही. छातीठोकपणे लिहिता येणारा शब्द एकच, आणि तो म्हणजे शुद्धिपत्र. बांधणी झाल्यावर प्रबंधात चुका सापडतातच, मग त्यांची चिठ्ठी छापून पहिल्या पानाआधी डकवायची असते. एकदा भाषा शिकवणाऱ्या एका बाईंनी सगळ्या चिठ्ठ्या उपसायला लावल्या, कारण छापणाऱ्याने 'द्धि'ला दुसरी वेलांटी दिली होती. ओल्या फडक्याने एकेक चिठ्ठी सोडवताना काकांनी तो शब्द जो डोक्यात ठोकला, तो कायमचा.

आता हे सगळं सांगायचं कारण म्हणजे इमारतीचा फोनवरचा गट. चार मजले, बेचाळीस सदस्य. ॲडमिन होते तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर. शाळा सुटली तरी त्यांची लाल शाई वाळली नव्हती. कोणी लिहावं, पाणि गेलंय, आणि हेडमास्तरांनी खाली लिहावं, 'पाणि नव्हे, पाणी. पाणि म्हणजे हात.' पाण्याचं काय करायचं ते राहिलं बाजूला, हात मात्र सगळ्यांना कळला.

चार वर्षांपूर्वी हेडमास्तरांचा वाढदिवस आला. सगळ्यांनी शुभेच्छा दिल्या, तेव्हा आपण मागे राहणं बरं दिसत नाही म्हणून काकांनीही चष्मा पुसून, एकेक अक्षर शोधून लिहिलं, 'हेडमास्तरांना जन्मदीनाच्या हार्दिक शुभेच्छा.' झालं. दिनातली पहिली वेलांटी दुसरी झाली आणि भल्या माणसाच्या तोंडून भलतंच निघून गेलं. हेडमास्तरांनी दोन मिनिटांत उत्तर दिलं, 'दिन म्हणजे दिवस. दीन म्हणजे गरीब बिचारा. मी जन्माने दीन नाही. तरी आभार.' त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या तोंडांची रांग लागली. पुढे कित्येक महिने वरचे मजले एकमेकांना मुद्दाम जन्मदीनाच्याच शुभेच्छा देत. कोणाच्या मनात वाईट नव्हतं म्हणा. पण काकांचे कान त्या दिवशी जे तापले ते तापलेच. त्यानंतर त्यांनी गटात एक अक्षर लिहिलं नाही.

अंगठाही दिला नाही. त्याचं कारण वेगळं. काकांच्या लहानपणी अंगठ्याचे दोनच उपयोग होते. सही येत नसेल तर तो कागदावर उमटवायचा, आणि समोरच्याला काही द्यायचं नसेल तर तो दाखवायचा. कोणाची आई आजारी आहे आणि चाळीस लोक तिला अंगठा दाखवतात, हे काही त्यांना पटेना.

म्हणजे काका गटात नुसतेच बसून होते का? छे हो. सकाळी खळ शिजत ठेवली की ते चष्मा लावून गट वाचायला बसत आणि वाचून झालं की स्टूल उचलत. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातला दिवा गेला असं कोणी लिहिलं, की काका दिवा घेऊन वर. टाकीचा बॉल अडकला, की काका पकड घेऊन गच्चीवर. फाटकाची बिजागरी किंचाळते, कोणाचा चष्मा मोडला, कोणाचं पत्रपेटीचं कुलूप उघडत नाही, कोणाच्या मुलाच्या पुस्तकाची पाठ निघाली, सगळीकडे हे. जायचं, करायचं, खाली यायचं. दुपारी मजल्यावरचं कोणीतरी गटात लिही, 'अरे वा, दिवा लागला बरं का.' त्याला एकतीस अंगठे. दिवा लावला कोणी, हे विचारायचं मात्र कोणाच्या मनातही येत नसे. दिवा काय, लागतोच.

काकूंना हे माहीत होतं, कारण चार मजले स्टूल घेऊन चढून उतरलेल्या गुडघ्यांना संध्याकाळी तेल त्याच लावत. तोंडानं बडबड आणि हातानं तेल, असं त्यांचं चाले. काका मात्र खुशीत असत. दुकानात आताशा काम कमी झालं होतं, पुष्कळ प्रबंध सीडीच्या तबकडीवरच जात होते. अशा वेळी सकाळी उठून आपल्याला कोणीतरी हाक मारतंय, भले नाव न घेता का होईना, एवढं त्यांना पुरत होतं.

अशात चौथ्या मजल्यावर एक संशोधक बाई राहायला आल्या. हुशार, कष्टाळू, बोलायला गोड, पण समोर माणूस उभा राहिला की त्यांना तो रकान्यात दिसे. त्यांचा विषय होता 'सामाजिक संपर्कस्थळे आणि सहभागी महाजाल: एका निवासी इमारतीच्या गटाचा समाजशास्त्रीय अभ्यास'. घरबसल्या गट मिळाला, ॲडमिनची परवानगी मिळाली. हेडमास्तर तर एवढे फुलले की त्यांनी गटाच्या नावापुढे 'अभ्यासांतर्गत' असं लिहून टाकलं. बाईंनी सगळ्यांना नंबर दिले. काका झाले सहभागी क्रमांक सदतीस.

मुलाखतीला बाई दुकानात आल्या तेव्हा त्यांनी आधी काका-काकूंना सिद्धांत समजावून सांगितले. माणूस गटात असतो तेव्हा रंगमंचावर असतो, आणि घरात पडद्यामागे. काकू म्हणाल्या, हे कळायला पदवी लागते होय, आमच्या जावेकडे बघून चार दिवसांत कळलं असतं. मग बाईंनी दुर्बळ दुव्यांचं सांगितलं. ज्यांची आपली फक्त तोंडओळख, असे दुर्बळ दुवेच माणसाच्या जास्त कामी येतात. काकूंना वाटलं, दुवा म्हणजे आशीर्वाद. त्यांनी विचारलं, की दुबळे दुवे लागतात तरी का? बाईंनी हेही वहीत टिपून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, की सहभागी महाजालात आता कोणी नुसता वाचक राहिलेला नाही, प्रत्येक जण निर्माता आहे, लोक तिथे फुकट श्रम करतात आणि त्या श्रमांची मोजदाद करणं हेच माझं काम. काका श्रम या शब्दावर जरा सावरून बसले.

बाईंनी छापील कागद काढला. गटात किती वेळा लिहिता? एकदाच लिहिलं होतं, काका म्हणाले. इतरांच्या मजकुराला प्रतिसाद देता? काकांना वाटलं अंगठ्याचं विचारतायत, ते नाही म्हणाले. गटासाठी काही निर्माण करता? काका घुटमळले. दिवा लावणं म्हणजे निर्माण करणं नव्हे, दिवा तर कारखान्यात होतो. ते म्हणाले, "निर्माण असं काही नाही बाई." काकूंनी तोंड उघडलं होतं, पण काकांनी डोळ्यांनी दाबलं. आपणच आपलं कौतुक करायचं हे त्यांच्या रक्तात नव्हतं, आणि बाईंच्या कागदावर त्याला रकानाही नव्हता.

वर्षभराने इमारतीच्या सभेत बाईंनी निष्कर्ष वाचून दाखवले. शंभरातला एक लिहितो, नऊ माना डोलावतात, आणि नव्वद नुसते बघत बसतात, असं म्हणे सगळ्या जगात आहे. आपल्या गटात मात्र शून्यावर एकच सदस्य आहे. नाव सांगायचं नसतं, तो त्या शास्त्राचा नियम. पण शून्यावरचा एकच म्हटल्यावर बाकीच्या एकेचाळीस जणांनी वळून पाहिलं ते कोणाकडे, ते सांगायला नको. हेडमास्तरांच्या अंगात ॲडमिन संचारला. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की पुढच्या एक तारखेला जो निष्क्रिय असेल त्याला गटातून वगळण्यात येईल, अभ्यासाचा तसा निष्कर्षच आहे.

काका घरी आले आणि खळ ढवळत बसले. गटातून नाव गेलं तर वरच्या मजल्यांवर काय मोडलं, काय पडलं, हे तळमजल्यावर कळणार कसं? माणसं आता बोलत होती ती तिथेच. जिन्यात भेटली तर हसत, आणि हसून झालं की फोनकडे बघत. काकूंनी उपाय सांगितला, की एक ओळ लिहा आणि मोकळे व्हा.

रविवारी सकाळी काका लिहायला बसले. नमस्कार लिहिला. तो सोपा होता, त्यात वेलांटीच नाही. मग त्यांना लिहायचं होतं, 'मी इथेच आहे.' मी जमलं. इथेचपाशी गाडी अडली. इ पहिली की दुसरी? पहिली लिहिली, खोडली, दुसरी लिहिली, खोडली. आता त्या फोनची एक वाईट खोड आहे, कोणी लिहायला लागलं की तो सगळ्या गावाला सांगतो. एकेचाळीस फोनांवर बारीक अक्षरांत दिसू लागलं, 'खळकाका लिहीत आहेत…' पाच मिनिटं झाली, दहा झाली. कोणीतरी लिहिलं, काका लिहितायत रे. कोणीतरी लिहिलं, चहा ठेवा, वेळ लागेल. मग हेडमास्तर आले. 'निर्धास्त लिहा. चुका सुधारायला मी बसलोच आहे.'

काकांनी सगळं खोडलं. फोन पालथा घातला आणि उठून पुठ्ठे कापायला लागले. त्या दिवशी दोन पुठ्ठे तिरके गेले, असं कधी होत नसे.

महिनाअखेरीस बाई प्रबंध घेऊन आल्या. पाच प्रती, गडद निळं, परवा. काकांनी शिलाई घातली, पाठीला खळ लावली आणि सवयीने सहावी, न बांधलेली प्रत वाचायला घेतली. तक्ता सहा. 'सहभागी क्र. ३७, पुरुष, वय ६१, व्यवसाय: पुस्तक बांधणी. संपूर्ण निष्क्रिय. जालावर परिणाम: शून्य. असे सदस्य वगळल्यास जालाची कार्यक्षमता वाढेल.' काकांनी ते दोनदा वाचलं. आपल्याबद्दल छापलेलं ते आयुष्यात पहिल्यांदाच वाचत होते.

पण खरी मजा पुढे होती. पान दोनशे चौदा, प्रकरणाचं नाव 'संशोधकाचे मौलिक योगदान'. बाईंनी लिहिलं होतं, की वर्षभरात गटात दोनशे बारा तक्रारी आल्या. पैकी एकशे सत्त्याऐंशी तक्रारींचे 'कोणाच्याही हस्तक्षेपाविना, सरासरी एका दिवसात' निराकरण झाले. तक्रार केवळ मांडल्याने जाल ती आपोआप दूर करते. या आजवर अज्ञात असलेल्या घटिताला प्रस्तुत संशोधक 'जालाची स्वयंदुरुस्ती' असे नाव देत आहे. उरलेल्या पंचवीस तक्रारी शेजाऱ्यांच्या स्वभावाविषयी होत्या, तिथे मात्र जाल चाललं नाही.

काकांच्या हातातला ब्रश वाळून कडक झाला. हसावं की रडावं कळेना. त्यांनी काकूंना पान वाचून दाखवलं तेव्हा काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. आत्ताच्या आत्ता चौथ्या मजल्यावर जाते आणि त्या बाईला स्वयंदुरुस्त करते, म्हणाल्या. काकांनी शपथ घातली. बिचारीची पाच वर्षांची मेहनत आहे, परवा द्यायचंय, गप्प बस. आणि त्यांनी त्या पाच प्रती अशा देखण्या बांधल्या, की तशी सरळ सोनेरी ओळ त्यांनाही पुन्हा जमली नसती. एक तारखेला सकाळी फोनवर आलं, 'ॲडमिनने तुम्हाला काढून टाकले आहे.' काकांनी खळ ढवळायची थांबवली, आणि मग पुन्हा ढवळायला घेतली.

पुढचे तीन आठवडे वर काय झालं ते खाली कळलंच नाही. आधी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातला दिवा गेला. गटात ते आलं, त्याला चाळीस अंगठे पडले, आणि सगळे दिवा लागायची वाट बघत बसले. मग टाकीचा बॉल अडकला आणि गच्चीवरून पाणी वाहायला लागलं. कोणी पाण्याचा फोटो टाकला, कोणी रडकी तोंडं टाकली. हेडमास्तरांनी प्रबंधातला उतारा टाकला आणि लिहिलं, धीर धरा, जाल आपोआप दुरुस्त होईल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते स्वतः अंधारात पायरी चुकून बसले. पडले नाहीत, नुसतेच बसले, पण बराच वेळ उठले नाहीत.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं ते वेगळ्याच कारणाने. तोंडी परीक्षा आठ दिवसांवर, आणि बाहेरच्या परीक्षकांना स्वयंदुरुस्ती इतकी आवडली होती की त्यांनी गेल्या महिन्याचे ताजे आकडे मागवले होते. ताजा आकडा होता शून्य. बाई दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, की काका, एखादं पान बदलता येईल का हो, काहीतरी बिनसलंय. एक तारखेपर्यंत सगळं नीट होतं.

"एक तारखेला काय झालं?" काकूंनी आतून विचारलं.

काही नाही, बाई म्हणाल्या. फक्त निष्क्रिय सदस्य काढला.

काकू तेलाची वाटी हातात घेऊनच बाहेर आल्या. काकांनी घातलेली शपथ त्यांनी त्या क्षणी मोडली, आणि आवाज मुळीच न चढवता मोडली. "बाई, तुमच्या त्या जालाचे गुडघे दुखतात हो. रोज संध्याकाळी मी तेल लावते."

बाईंना आधी कळलं नाही. मग त्यांनी फळीवर पाहिलं. तिथे दिव्यांची खोकी होती, वॉशरची बरणी होती, कोणाच्या तरी चष्म्याची काडी होती, आणि बसल्या होत्या ते स्टूलही चार मजले हिंडून एका पायाने झिजलेलं होतं. त्यांचा चेहरा उतरला. वर्षभर आपण इथे येत होतो, याच स्टुलावर बसून श्रमांची मोजदाद करत होतो. त्यांचे डोळे भरले तेव्हा काकांनाच कसंनुसं झालं. ते म्हणाले, "पान बदलायला नको. चिठ्ठी डकवू."

चिठ्ठी दोन दिवसांत छापून आली. 'पृ. २१४, ओळ ९: कोणाच्याही हस्तक्षेपाविना याऐवजी सहभागी क्र. ३७ यांच्या हस्तक्षेपाने असे वाचावे.' वर 'शुद्धिपत्र' शब्द होता, त्याची वेलांटी काकांनी बोट ठेवून तपासली. बाईंनी विद्यापीठातून परत आणलेल्या पाचही प्रतींत त्यांनी ती चिठ्ठी स्वतः डकवली, आणि कडा दाबताना फडकं जरा जास्तच वेळ फिरवलं. परीक्षक म्हणे खूश झाले. चूक कबूल करणं हेच मौलिक योगदान, म्हणाले. बाई डॉक्टर झाल्या. सिद्धांत गेला, पदवी राहिली, हेही त्या शास्त्रात बसत असावं.

बाईंनी हेडमास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर वाईट माणूस नव्हता, नुसताच मास्तर होता. पायरीवर बसल्या बसल्या त्याच्याही मनात बरंच काही येऊन गेलं असणार. सकाळी काका पुन्हा गटात आले, आणि पाठोपाठ हेडमास्तरांचा मजकूर आला. जरा घाईत लिहिलेला. 'शुद्धीपत्र: सदस्य क्र. ३७ निष्क्रिय नव्हते. त्यांना वगळणे ही माझी चूक. क्षमस्व.'

काकांनी चष्मा लावून वाचलं. पहिला शब्द वाचला आणि थांबले. पुन्हा वाचला. फोन दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मग काकूंना म्हणाले, स्टूल काढून ठेव, आलोच.

एकेचाळीस फोनांवर दिसू लागलं, 'खळकाका लिहीत आहेत…' या वेळी कोणी चहाचं काढलं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाराव्या मिनिटाला आलं.

'शुद्धिपत्र. द्धि पहीली. दीवा आज लावतो. मी ईथेच आहे.'

मग दिसलं, 'हेडमास्तर लिहीत आहेत…' ते बराच वेळ दिसत राहिलं. नंतर गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. एका ओळीत चुका तीन होत्या आणि त्या बेचाळीस जणांनी वाचल्या होत्या. शेवटी हेडमास्तरांकडून आला तो एक अंगठा. तो काकांनी पाहिला नाही, ते तिसऱ्या मजल्यावर स्टुलावर चढले होते, आणि खाली स्टूल धरून हेडमास्तर उभे होते.